घळ की खड्डा: एका पंचनाम्याची हकिकत

ती घटना आजही माझ्या डोळ्यांसमोर स्टेशन डायरीतल्या नोंदीइतकी स्वच्छ उभी आहे. सव्वीस वर्षांच्या सेवेत चोरीची वाहने, बनावट शिक्के, एकदा तर जिवंत बोकडसुद्धा मुद्देमाल म्हणून जप्त झालेला मी पाहिला. परंतु डोंगरातली एक अख्खी घळ तपासाचा विषय झालेली मी एकदाच पाहिली. त्या प्रकरणाचा निकाल ज्या पंचनाम्यामुळे लागला, तो माझ्या हातचा होता. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. कागदोपत्री तशी नोंद आहे.

वाचकांच्या माहितीसाठी सांगतो की, गुडघ्यांच्या कारणास्तव मी सहायक फौजदार या पदावरून मुदतीपूर्वी सेवानिवृत्ती घेतली आणि सध्या सीबीडी बेलापूर येथे सरकारी कार्यालयांच्या बाहेर टेबल मांडून अर्ज लिहून देतो. माझे शिक्षण दहावीपर्यंत, तेही दुसऱ्या खेपेस. तथापि पदवीधर माणसे माझ्याकडे येऊन 'महोदय' या शब्दाच्या खाली काय लिहावे हे विचारून जातात. प्रस्तुत घटनेच्या वेळी मी हवालदार होतो आणि तपासी अधिकाऱ्यांचा रायटर म्हणून काम पाहत असे. तपास साहेबांचा आणि अक्षर रायटरचे, अशी ही वाटणी असते. न्यायालयात टिकते ते अक्षरच.

आमच्या ठाण्याची हद्द एका टोकाला खाडी आणि दुसऱ्या टोकाला डोंगर अशी होती. मंगळवारचा दिवस होता. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. डोंगराच्या पायथ्याशी एका विकासकाचे इमारतीचे काम सुरू व्हायचे होते, तेथील सुपरवायझर पिवळे हेल्मेट काखेत धरून ठाण्यात आला. बसण्याआधीच त्याने अट घातली.

"साहेब, टीप आहे एक. पण माझं नाव कुठंच येता कामा नये हां. फालतू टेन्शन नको."

आमचे उपनिरीक्षक साहेब थेट भरतीचे, वयाने तरुण आणि देशावरचे होते. त्यांना टीप हा शब्द फार आवडे.

"नावाचं ऱ्हाऊ द्या. काम बोला."

"आमच्या साइटच्या मागं मोठा खड्डा आहे. रोज उजाडता उजाडता गावातली माणसं त्यात उतरतात. फावडी, घमेली, सगळं घेऊन. लाल फडकं बांधलेला बांबू उभा करतात. खुंट्या ठोकून सुतळी ताणतात. लिंबूपण बघितलं मी, ह्या डोळ्यांनी. गुप्तधनाचा मामला वाटतो. नायतर..." येथे त्याने आवाज खाली आणला. "बॉडी."

हा शब्द उच्चारला गेला की ठाण्यातला चहासुद्धा कोणी पीत नाही. साहेबांनी पेला खाली ठेवला आणि छाप्याची तयारी करण्यास सांगितले. टीप देणाऱ्याच्या इच्छेनुसार त्याचे नाव मी कोठेही लिहिले नाही. या गोष्टीला पुढे महत्त्व आले.

बुधवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास आम्ही पाच जण डोंगराच्या पायथ्याशी पोहोचलो. गाडी दूर उभी करून पायी निघालो, तोच झाडीपलीकडून एका बाईचा करडा आवाज आला.

"अजून चार बोटं! फडकं अजून टेकलं नाय! डावीकडचा काढा आदी!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. "हवालदार, हे मंत्र न्हवं?"

"मंत्रात डावीकडचा काढा असे येत नाही, साहेब," मी माझे मत दिले.

पुढे होऊन पाहिले, तर वरून उतरत आलेली एक खोल घळ होती. दोन्ही बाजूंना उभे कडे. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सुतळी ताणलेली. खाली तळाशी साठीचे एक गृहस्थ मांडवाचा लांब बांबू उभा धरून उभे होते आणि बांबूला वरच्या बाजूस लाल फडके बांधलेले होते. त्यांचे धाकटे भाऊ फावड्याने माती ओढत होते. काठावर पदर खोचून एक बाई उभी होती आणि हुकूम सोडत होती. त्याच क्षणी फडके बरोबर सुतळीला टेकले आणि बाईने टाळी वाजवली. आम्ही शिट्टी वाजवली.

खाली असलेल्या गृहस्थांना मी येथे काका आणि काठावरच्या बाईंना काकी म्हणेन, कारण ठाण्यात आम्हीही त्यांना तसेच संबोधत होतो. घळीच्या तोंडाशी, जेथून पाणी सपाटीवर उतरते, तेथे त्यांचे कौलारू घर होते. ते इथलेच, खाडीकाठच्या गावातले जुने रहिवासी.

आता पंचनाम्याचा विषय. घटनास्थळाचा पंचनामा करायचा तर दोन पंच लागतात, आणि पंच मिळवणे आरोपी मिळवण्यापेक्षा अवघड असते. गर्दीला 'पंच म्हणून कोण येता?' असे विचारताच प्रत्येकाला घरी गॅसवर दूध ठेवल्याचे आठवते. त्या दिवशी मात्र आमचे नशीब चांगले होते. समोरच्या सोसायटीचे सेक्रेटरी फिरायला आले होते, ते पळण्याआधी शिपायाने त्यांना धरले. आणि दुसरे पंच न बोलावता पुढे आले. ते म्हणजे तेच सुपरवायझर. ही माणसे गाडीत बसलेली पाहण्याची त्यांना इतकी घाई झाली होती की ते आमच्या आधीच तेथे येऊन उभे होते.

"मी होतो पंच! लिहा माझं नाव."

वस्तुतः टीप देणारा माणूस पंच असू नये. परंतु टीप देणारा कोण, हे त्याच्याच इच्छेने कागदावर नव्हते. साहेब म्हणाले, "घ्या ह्यांनाच. एवढं हौशी पंच परत न्हाई मिळायचं."

मी पंचनामा लिहावयास बसलो. माझी पद्धत अशी की, चतुःसीमा, उंची, खोली, ओल, वास, सर्व काही लिहायचे. अर्धवट पंचनामा म्हणजे आरोपीच्या वकिलाला दिलेले आमंत्रण. ठाण्याचा टेप पहिल्या दोन मीटरनंतर तुटलेला असल्याने मी खोली आरोपींच्याच बांबूने मोजली आणि लिहिले की, सदर ठिकाण ही दोन्ही अंगांस उभे कडे असलेली नैसर्गिक घळ असून तळाशी काळा कातळ व वाहते पाणी आहे, आणि तळावर उभा केलेल्या बांबूचे लाल फडके काठांवर ताणलेल्या सुतळीस टेकते. बांबूवर फडक्याच्या जागी मी चाकूने खूण केली. तो मजकूर पंचांना वाचून दाखवू लागलो, तेव्हा सुपरवायझर म्हणाले, "वाचायचं काय त्यात! तुमचं अक्षर बघूनच खात्री पटते हो." आणि सही केली. ही प्रशंसा मला त्या वेळी योग्य वाटली.

मुद्देमाल पुढीलप्रमाणे जप्त झाला: फावडी तीन, घमेली पाच, बांबू एक, सुतळीचे बंडल एक, आणि लिंबू एक, कापलेले.

"माजा लिंबू कशाला घेताव?" काकी म्हणाल्या.

"पुरावा हाय," साहेब म्हणाले.

"कसला पुरावा? सुकट भाकरीसंगं खायाचा व्हता तो!"

कायद्याप्रमाणे महिलेला चौकशीसाठी अशी उचलून ठाण्यात आणता येत नाही, म्हणून आम्ही त्यांना घरी जाण्यास सांगितले आणि काका व त्यांच्या भावाला गाडीत बसवले. ठाण्यात पोहोचलो तर काकी रिक्षाने आमच्याआधी हजर. ठाणे अंमलदाराच्या समोरची खुर्ची त्यांनी घेतली होती आणि पंखा वाढवायला सांगितला होता.

चौकशी स्वतंत्रपणे झाली. काकांना प्रथम विचारले.

"रोज पहाटे घळीत काय करता?"

"मॉर्निंग वॉक."

"फावडं घेऊन?"

"हातांचा पन व्यायाम व्हतो."

नंतर त्यांचे भाऊ. त्यांनी सांगितले की अंगठी हरवली आहे, ती शोधतो.

"कवा हरवली?" साहेबांनी विचारले.

"लग्नात."

"लगीन कवा झालं?"

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "तीस वर्सा झाली आसतील."

येथे मी एक अनुभव नोंदवतो. सराईत चोर खोटे बोलण्याआधी साथीदारांशी ते ठरवून घेतो. सरळ माणूस खोटे बोलायचे एवढेच ठरवतो, कोणते ते ठरवायला विसरतो. दोन माणसांनी दोन वेगळी आणि दोन्ही निकामी कारणे सांगितली, तेव्हाच मला कळले की येथे गुप्तधन नाही आणि बॉडी तर नाहीच. मी साहेबांना म्हणालो, "साहेब, काकींना विचारा. पण आधी चहा द्या." महिला अंमलदारांना बोलावून घेतले. काकींनी चहा बशीत ओतून घेतला आणि म्हणाल्या, "ह्या दोघांला मीच सांगलं व्हतं, काय बोलू नका म्हनून. परवानगी नाय तर माती काढली का गुन्हा व्हतो, असा कोनीतरी सांगलं आमाला. मी सांगते. पन आदी ह्यो वाचा."

असे म्हणून त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. तो साधा कागद नव्हता, लॅमिनेशन केलेला होता. बांधकाम व जमीन वापराच्या नियमावलीतले एक पान होते आणि त्यात एका परिच्छेदाला लाल शाईने चौकट केलेली होती.

साहेबांनी तो वाचला, परत वाचला आणि माझ्याकडे सरकवला. "हवालदार, सोप्यात सांगा."

मी वाचला. घळ कशास म्हणावे, याची ती व्याख्या होती. दोन्ही बाजूंस तीव्र उतार, तळाशी पाण्याची वाट, आणि काठापासून तळापर्यंत अमुक इतकी खोली. या तिन्ही गोष्टी असतील तर ती घळ, आणि घळीत किंवा तिच्या काठापासून ठरावीक अंतरात कोणालाही बांधकाम करता येणार नाही. खोली त्याहून कमी भरली तर ती केवळ खोलगट जमीन. परवानगी घेऊन ती भरता येते आणि तिच्यावर इमारत उभी करता येते. खोलीचा आकडा मी येथे मुद्दाम देत नाही. नियम बदलत असतात आणि लोक जुना आकडा घेऊन माझ्या टेबलाशी भांडायला येतात.

"ऐरोलीला पोरगी कंपनीत हाय माझी," काकी सांगू लागल्या. "तिनं छापून दिलं नि वाचून पन दिलं. त्या बिल्डरनं अर्ज केलाय, का मागं घल नाय, खड्डा हाय. शुक्रवारी अकरा वाजता मोजाला येनार. नि हे लोक वरून डंपरनं राडारोडा टाकतान. रोज. तळ वर येतो ना साहेब! खोली कमी भरली का झाला खड्डा. मंग टावर. नि डोंगराचा पानी कुठशी जाईल? गेल्या साली नुसता थोडा डेब्रिज टाकला व्हता, तर पानी मागच्या दारानं घरात. चूल बुडली. तांदळाचा पिंप तरंगत ओट्यावर! आमचा घर हाय तो, साहेब. दुसरा नाय."

"मग तो बांबू?"

"पायजे तेवढ्या खोलीवर, वर चार बोटं धरून, बांबूला फडकं बांदलंय. सुतळी ताणायची, बांबू उबा करायचा, फडकं टेकलं का त्या दिसाचा काम झाला. ते दुपारी टाकतान, आमी सकाली काढताव. कातळ लागला का थांबताव. कातळाखाली आमी नाय खणत. पाप लागेल."

साहेबांनी लॅमिनेशनचा कागद काकींना परत दिला. मग त्यांनी रास्त प्रश्न विचारला. "तक्रार का न्हाई केली?"

काकींनी पिशवीतून दुसरा कागद काढला. हा लॅमिनेशन केलेला नव्हता. तो आमच्याच ठाण्यास दिलेला अर्ज होता. त्यावर 'सदर बाब दिवाणी स्वरूपाची असल्याने अर्जदाराने सक्षम प्राधिकरणाकडे दाद मागावी' असा शेरा होता, ठळक आणि सुवाच्य. अक्षर कोणाचे हे साहेबांना विचारावे लागले नाही. ठाण्यात तसे अक्षर एकाचेच होते.

"प्राधिकरणात गेलो, तर बोलले वनखात्यात जावा," काकी म्हणाल्या. "वनखात्यात गेलो, तर बोलले पोलिसांत जावा. मंग फावडं घेतलं."

मी पाण्याचा पेला पुढे केला. तो त्यांच्यासाठी होता; परंतु मीच प्यायलो.

तक्रार समजली, परंतु अडचण संपली नव्हती. साहेबांनी दोघांना समज देऊन सोडले. काकी मात्र उठेनात.

"फावडी द्या आमची."

"मुद्देमाल आहे, काकी. न्यायालयाच्या आदेशाशिवाय देता येत नाही," मी म्हणालो.

"आज बुधवार. शुक्रवारी मोजनी. मदी कोन खोदील? तुमी?"

याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात नव्हते. साहेबांनी डंपरवर लक्ष ठेवण्यासाठी गाडी पाठवली. परंतु पोलिसांची गाडी वळणावर दिसते आणि डंपरवाल्याचा माणूस तिच्याही आधी वळणावर असतो. आमची गाडी चहाला गेली की डंपर येई. दोन दिवसांत त्यांनी पाच दिवसांचे काम केले. काकांनी शेजाऱ्याचे एक फावडे मागून आणले, त्याचा दांडा पहिल्याच सकाळी मोडला. गुरुवारी दुपारी मी शेजारच्या शिंप्याचा टेप आणून मुद्देमाल खोलीत बांबूवरची खूण मोजली. नियमातल्या खोलीपेक्षा ती चार बोटे जास्त होती. मी ते पंचनाम्यास जोडलेल्या टिपणात लिहिले आणि साहेबांची सही घेतली.

शुक्रवारी अकरा वाजता सर्वेक्षक आले. वयस्क, चष्मा नाकावर, बोलणे मोजके. सोबत त्यांचे उपकरण आणि ते धरणारा माणूस. विकासकाच्या वतीने सुपरवायझर होते. काकी, काका आणि निम्मे गाव काठावर उभे होते. कायदा व सुव्यवस्थेच्या नावाखाली साहेब आणि मी होतो. मी प्रकरणाची फाइल काखेत घेतली होती. फाइल जवळ असलेला पोलीस कधी एकटा नसतो.

घळीचा तळ कमरेएवढा वर आला होता. फुटक्या टाइल्स, सिमेंटच्या पिशव्या आणि एक तुटका कमोड, असा एकंदर देखावा होता. सर्वेक्षकांनी मोजले. आकडा नियमातल्या खोलीपेक्षा बराच कमी भरला.

"बघा," सुपरवायझर हसून म्हणाले. "मी पाच महिन्यांपासून बघतोय. खड्डाच आहे हा. साधा खड्डा."

सर्वेक्षकांनी पेन काढले. काकींनी तोंडाला पदर लावला. त्यांच्या पाठीमागे त्यांचे घर दिसत होते. मागच्या दाराला त्यांनी आधीच विटांचा उंबरठा रचून ठेवला होता, गुडघ्याएवढा. तो पाहून मला राहवले नाही.

"साहेब, परवानगी असेल तर एक कागद वाचतो."

"वाचा, हवालदार."

मी बुधवारचा पंचनामा उघडला आणि पहिल्यापासून, चतुःसीमेसह, मोठ्याने वाचला. साहेबांनी एकदा 'मुद्द्यावर या' अशी खूण केली; परंतु पंचनाम्यात मुद्दा वेगळा नसतो, तो सगळाच मुद्दा असतो. 'नैसर्गिक घळ', 'काळा कातळ', 'वाहते पाणी', 'फडके सुतळीस टेकते' हे शब्द आले तसे सर्वेक्षकांनी पेन खाली घेतले. शेवटी मी वाचले, "वरील मजकूर पंचांनी पाहिला, तो बरोबर आहे. पंच क्रमांक दोन, सही." आणि सही कोणाची ते नावासह सांगितले.

सगळ्यांच्या माना सुपरवायझरकडे वळल्या.

"ओ, मी वाचलं नव्हतं ते!"

"म्हंजी न वाचता खोटा पंचनामा केलासा?" साहेबांनी शांतपणे विचारले. "खोट्या पंचनाम्याची शिक्षा ठावं हाय न्हवं?"

"नाय, नाय! सही माझीच. खरंच आहे ते."

"मग बुधवारी सकाळी हितं एवढी खोली होती?"

सुपरवायझरनी डोक्यावरचे हेल्मेट काढून काखेत धरले.

"होती का न्हवती?"

"होती."

"मग ही कमरेएवढी माती दोन दिसांत कुणी घातली? ह्या काकांची फावडी तर आमच्याकडं हायती. सीलबंद."

गर्दीतून कोणीतरी ओरडले, "कमोड आपआप चालत आला आसल, साहेब!" तेव्हा पहिल्यांदा सर्वेक्षक हसले. ते म्हणाले, "मला नैसर्गिक तळ मोजायचा असतो. भरावाचा नव्हे. इथे एका जागी खोदून दाखवा."

फावडी मुद्देमाल खोलीत होती. काम तेथेच उभ्या असलेल्या विकासकाच्या जेसीबीने केले. सुपरवायझरनेच चालकाला इशारा केला. नकार देणे म्हणजे कबुली झाली असती. काही मिनिटांत ताजा राडारोडा बाजूला झाला, काळा कातळ लागला आणि त्यावरून पाणी झिरपू लागले. सर्वेक्षकांनी पुन्हा मोजले. नियमातली खोली पूर्ण होऊन वर चार बोटे उरली. त्यांनी नोंदवहीत 'घळ' असा शब्द लिहिला. मी तो डोळ्यांनी पाहिला. अक्षर साधारण होते. परंतु शब्द योग्य होता.

काकी मटकन खाली बसल्या. काकांनी त्यांना उठवायला हात दिला, तर म्हणाल्या, "बसू दे जरा. पाच महिन्यांत मी बसलीच नाय."

पुढे राडारोडा टाकल्याबद्दल गुन्हा नोंद झाला. एकाच प्रकरणात टीप देणारा, पंच आणि नंतर आरोपी, अशा तिन्ही जागा भूषवलेला माणूस मी तो एकच पाहिला. काकांनी काढलेली माती ही नैसर्गिक माती नसून टाकलेला राडारोडा होता, असा अहवाल साहेबांनी पाठवला आणि त्यांच्यावरचे बालंट गेले. फावडी, घमेली, सुतळी आणि बांबू न्यायालयाच्या आदेशाने परत दिले. लिंबू नाशवंत म्हणून पंचांसमक्ष नष्ट करावे लागले. त्याचाही पंचनामा केला. त्या वर्षीच्या पावसात घळीचे पाणी घळीतूनच गेले आणि घराच्या बाजूने निघून खाडीकडे उतरले. मागच्या दाराचा विटांचा उंबरठा काकींनी काढून टाकला.

येथे हकिकत संपवता आली असती. परंतु या प्रकरणाने मला काय शिकवले, ते मला त्यानंतर काही वर्षांनी, निवृत्तीनंतर कळले.

एके दिवशी दुपारी काकी माझ्या बेलापूरच्या टेबलासमोर येऊन बसल्या. केस पांढरे झाले होते, आवाज तोच होता.

"हवालदार, ओलखलंव काय?"

"ओळखले, काकी. काय काम काढले?"

"अर्ज लिवाचाय. घरामागं न्हानी बांदाची हाय. सून आलीय घरात, जुनी न्हानी लहान पडते. हापिसात गेली, तर बोलतान का घलीच्या काठाला लागून बांदता येनार नाय. नियम हाय म्हने."

"नियम तोच आहे, काकी. तुमच्याच लॅमिनेशनमधला."

"तो माहीत हाय मना. तुमी अर्जात लिवा का माझ्या घरामागं घल नाय. खोलगट जमीन हाय."

मी पेन खाली ठेवले. "काकी, पाच महिने रोज पहाटे उतरून तुम्ही जिला घळ ठरवले, तिला आता खोलगट जमीन म्हणायचे?"

"सगलीला नको वो," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "माझ्या न्हानीपुरती."

मी हसलो नाही. माझ्या टेबलाशी येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस हेच मागतो. फक्त तो ते इतक्या स्वच्छ शब्दांत सांगत नाही. मी त्यांना समजावून सांगितले की, अर्ज मी लिहीन आणि असा लिहीन की तो बहुधा मंजूर होईल. परंतु घळीचा काठ तुमच्या न्हाणीपाशी थोडा मागे सरकला, तर उद्या कोणी विकासक तुमच्याच अर्जाची प्रत जोडून म्हणेल की काठ माझ्यापाशीही सरकवा.

काकींनी टेबलावरचे शाईचे पॅड उघडले आणि परत मिटले.

"मंग त्याचा टावर पन?"

"त्याचा टॉवर पण."

"नि पानी?"

पाणी कोठे जाते ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होते.

"मंग ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पुढच्या दारी बांदीन. लोक बोलतील, रस्त्यावर न्हानी. बोलू दे. सून करवादेल, ती पन करवादू दे."

सेवेत असताना माझी अशी समजूत होती की, नियम माहीत असणारा माणूस जिंकतो. त्यामुळेच मी सर्व परिपत्रके पाठ केली होती. ती समजूत अपुरी होती. नियम शेजाऱ्याच्या दारी लागू करायला सगळ्यांना आवडतो, आणि त्यासाठी लोक लॅमिनेशनसुद्धा करतात. तोच नियम स्वतःच्या न्हाणीला लागला, तरी जो माणूस कुरकुर करत का होईना तो पाळतो, त्याची तक्रार खरी. अशा माणसाच्या अर्जावर मी एकदा 'दिवाणी स्वरूपाची बाब' असा शेरा मारला होता, याची मला आजही लाज वाटते. आणि ती मी लपवत नाही.

काकी पिशवी उचलून निघाल्या. अर्ज लिहिला गेला नाही. अर्जनविसाच्या धंद्यात याला वाया गेलेला ग्राहक म्हणतात. मी मात्र खुर्चीतून उठून उभा राहिलो आणि त्या मेट्रो स्टेशनच्या वळणावर दिसेनाशा होईपर्यंत तसाच उभा होतो. रांगेतला पुढचा माणूस विचारत होता, "काय हो, टेबल बंद झालं का?"